नाव असलेला प्राणी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आयोजकांपैकी एकाचा मला फोन आला. "सर, विषय कळवताना काही गडबड तर नाही ना झाली? 'गुआश रंगातलं पाळीव प्राण्याचं खेळकर चित्र' असं आलंय. तुम्ही तर तत्त्वज्ञान शिकवायचात." मी म्हटलं, गडबड काही नाही. एक प्रश्न मी कित्येक वर्षं वर्गात फळ्यावर लिहीत आलो, आणि तो मला खऱ्या अर्थानं कळला तो आमच्या घरातल्या एका बोक्यामुळे. त्यामुळे आज इतिहास चित्रांचा सांगणार आहे, पण सुरुवात बोक्यापासून.

बोक्याचं नाव चार्वाक. नाव मीच ठेवलं होतं. परलोकाबद्दल त्याला आस्था नव्हती आणि तुपाबद्दल फार होती. (हशा) काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी नात आमच्याकडे राहायला आली. तिला वाढदिवसाला गुआश रंगांचा संच मिळाला होता. तिनं चार्वाकचं चित्र काढायला घेतलं. दोन दिवस खपून काढलं. बोका बाजूनं बसलेला, शेपटी पायांभोवती गुंडाळलेली, कान ताठ, अंगावरचे पट्टे अगदी मोजून घेतलेले. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, म्हणजे ज्या चार्वाकला रोज दूधभात घालायच्या त्या, हात पुसत बाहेर आल्या, चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "छान काढलंय की. कुणाचं मांजर हे?"

नात हिरमुसली. मी मात्र खुर्चीत सरळ होऊन बसलो. कारण मावशींनी एका वाक्यात न्यायशास्त्रातला एक जुना वाद आमच्या दिवाणखान्यात आणून ठेवला होता.

तो वाद असा. आपण 'गाय' हा शब्द उच्चारतो तेव्हा त्या शब्दाचा अर्थ नेमका काय असतो? समोर उभी असलेली ही एक गाय, म्हणजे व्यक्ती? की गळ्याची पोळी, शिंगं, शेपूट यांची ठरावीक ठेवण, म्हणजे आकृती? की सगळ्या गायींमध्ये असलेलं गायपण, म्हणजे जाती? मीमांसकांचा कल जातीकडे. गौतमाच्या न्यायसूत्रांनी सांगितलं की शब्दाच्या अर्थात तिन्ही गोष्टी येतात; कधी एक पुढे असते, कधी दुसरी. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मला नेहमी वाटायचं की हा व्याकरणाचा किस काढणं चाललंय. पण शब्दाच्या जागी चित्र ठेवून बघा. आमच्या नातीच्या पहिल्या चित्रात मांजराची जात होती. आकृतीही बिनचूक होती. व्यक्ती नव्हती. पट्टे मोजूनही चार्वाक तिथे आला नव्हता.

मग प्राण्याच्या चित्रात व्यक्ती येते कधी? आजचा प्रश्न एवढाच आहे. आपल्या देशात या प्रश्नाला निदान चारशे वर्षांचा चित्रांचा इतिहास आहे, आणि तो बहुतांशी याच रंगमाध्यमातला आहे. म्हणून आधी दोन शब्द माध्यमाबद्दल.

गुआश हा शब्द फ्रेंच. तो आला 'गुआत्सो' या इटालियन शब्दावरून, ज्याचा एक अर्थ पाण्याचं डबकं. आपण त्याला अपारदर्शक जलरंग म्हणतो. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसलेल्या प्रत्येकानं पोस्टर कलर वापरलेला असतो. तो याच कुटुंबातला, जरा स्वस्तातला भाऊ. साध्या पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा पांढरेपणा. तो आधीपासून राखून ठेवावा लागतो. एकदा झाकला गेला की गेला. गुआशमध्ये रंगाची भुकटी दाट, ती डिंकात घोटलेली, आणि पांढरा रंग सढळ हातानं. त्यामुळे गडद रंगावर फिकट रंग चढवता येतो. उजेड शेवटी, वरून ठेवता येतो.

आता प्राण्याच्या अंगाचा विचार करा. प्राणी म्हणजे केस. काळ्या कुत्र्याच्या पाठीवर चमकणारी लव, मांजराच्या मिशा, डोळ्यातला पांढरा ठिपका, हे सगळं गडदावरचं फिकट काम आहे. म्हणून प्राण्यांची चित्रं आणि हा रंग यांचं जमलं ते उगाच नाही. एक अडचण मात्र आहे. हा रंग ओला असताना दिसतो तसा वाळल्यावर दिसत नाही. फिकट छटा थोडी गडद होते, गडद छटा थोडी फिकी पडते. म्हणजे आज लावलेल्या रंगाचा खरा चेहरा थोड्या वेळानं कळणार. घाई चालत नाही.

मुघल दरबारातले चितारी याच जातीच्या रंगात काम करत, फक्त त्यांची पद्धत आणखी सावकाश होती. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून वसली तयार करायची. खाक्यावरून रेखाटन उतरवायचं. त्यावर सफेद्याचा पातळ हात द्यायचा, त्यातून दिसणारी रेघ पुन्हा पक्की करायची. मग रंगाचा एक थर, वाळू द्यायचा, दुसरा थर. मधूनमधून चित्र पालथं घालून मागच्या बाजूनं अकीकच्या गुळगुळीत दगडानं घोटायचं, म्हणजे रंग कागदात बसतो आणि त्याला झळाळी येते. सर्वात शेवटी परदाज, म्हणजे अगदी बारीक कुंचल्यानं ठिपके आणि तुटक रेघा भरायच्या. हा बारीक कुंचला बनायचा खारीच्या शेपटीच्या केसांपासून. ही खार लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

थोडक्यात, एका चित्राला कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे. आणि खेळणारा प्राणी एका जागी राहतो किती वेळ? एक क्षण. इतक्या सावकाश माध्यमात इतकी चपळ गोष्ट पकडायची कशी? ही अडचण हाताशी ठेवून आपण जहांगीराकडे जाऊ.

जहांगीर गादीवर होता १६०५ ते १६२७. त्याच्या आत्मचरित्रात एक महत्त्वाची नोंद आहे. १६१२ मध्ये मुकर्रब खान गोव्याहून परतला. बंदरात ज्या दुर्मिळ वस्तू मिळतील त्या घेऊन ये, अशी त्याला आज्ञा होती. पोर्तुगीजांच्या गोव्यात तेव्हा जगभरची जहाजं येत. खानानं बरोबर काही विचित्र प्राणी-पक्षी आणले, त्यात एक टर्की कोंबडा होता. मूळचा अमेरिकेतला पक्षी, गोव्यामार्गे आग्र्याला. जहांगीर त्याचं वर्णन करताना थकत नाही: माजावर आला की याचं डोकं नि मान पोवळ्यासारखी लाल होते, थोड्या वेळानं कापसासारखी पांढरी, कधी पिरोजी. चोचीवर लोंबणारी मांसाची लोळी त्याला हत्तीच्या सोंडेसारखी वाटली. आणि तिथेच तो म्हणतो की आमचे पणजोबा बाबर यांनी आपल्या ग्रंथात प्राण्यांची वर्णनं केली, पण चिताऱ्यांकडून चित्रं काढून घेतली नाहीत. मी ती काढून घेतो, म्हणजे ऐकून जे आश्चर्य वाटतं ते बघून वाढेल. उस्ताद मन्सूरनं काढलेला हा टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

त्याच म्युझियममध्ये मन्सूरचाच १६२१ चा झेब्रा आहे. मीर जाफर नावाच्या माणसानं तो आणून बादशहाला नजर केला. काही दरबाऱ्यांना वाटलं, घोड्याच्या अंगावर कुणीतरी पट्टे रंगवलेत. बारकाईनं तपासल्यावर खात्री पटली की हे रंगकाम माणसाचं नव्हे. जहांगीरानं चित्रावर स्वतःच्या हातानं नोंद केली. तिच्यात आणणाऱ्या मीर जाफरचं नाव आहे, चितारी मन्सूरचं नाव आहे. झेब्र्याचं नाव नाही. ते असायचं कारणही नव्हतं, कारण बादशहानं तो जनावर पुढे इराणच्या शाह अब्बासला भेट म्हणून धाडून दिला.

ही चित्रं अप्रतिम आहेत. मन्सूरला 'नादिर-उल-अस्र', म्हणजे काळातलं आश्चर्य, ही पदवी उगाच मिळाली नव्हती. पण आपल्या तीन शब्दांत बोलायचं तर ही जातीची आणि आकृतीची चित्रं आहेत. प्राणी बाजूनं उभा आहे, सगळा दिसतो आहे. असा एक प्राणी जगात असतो, हे सांगण्यासाठी तो तिथे आहे.

आता याच माणसाची दुसरी बाजू बघा. जहांगीर पट्टीचा शिकारी. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपण किती शिकार केली याचा त्यानं हिशेब काढायला लावला. त्याच्या समक्ष मारले गेलेले प्राणी २८,५३२. त्यातले स्वतःच्या हातानं मारलेले १७,१६७. आणि याच माणसानं एका हरणासाठी मिनार बांधला. हरणाचं नाव मनसराज. लाहोरजवळ शेखूपुऱ्याला हिरन मिनार आजही उभा आहे. हा माणसाळलेला काळवीट मेला तेव्हा जहांगीरानं त्याच्या कबरीवर हरणाच्या आकाराचा दगड बसवला, मुल्ला मुहम्मद हुसेन काश्मिरीकडून लेख लिहून घेतला, आणि त्या परिसरात हरणांची शिकार बंद केली.

१७,१६७ हा आकडा आहे. मनसराज हे नाव आहे. मारलेल्यांना आकडा, पाळलेल्याला नाव, आणि दोन्ही एकाच माणसाच्या चरित्रात. हा ढोंगीपणा आहे असं मी म्हणणार नाही. आपण सगळे असेच वागतो. घरातल्या कुत्र्याला ताप आला तर रात्रभर जागतो आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची संख्या महानगरपालिकेला विचारतो. जातीशी आपण आकड्यात बोलतो, व्यक्तीशी नावानं.

नाव दिलं की काय होतं, याचं सर्वांत सुंदर उदाहरण जहांगीराच्याच लिखाणात आहे. त्याच्याकडे सारस पक्ष्यांची जोडी होती. नावं लैला आणि मजनू. पिल्लं असल्यापासून वाढवलेली. गुजरातच्या मुक्कामात त्यांचं मीलन झालं, मादीनं अंडी घातली, तेव्हा बादशहानं त्यांच्यावर बारीक नजर ठेवली. रात्रभर मादी अंड्यांवर बसते आणि नर जवळ उभा राहून पहारा देतो. पहाटे नर येतो, मादीच्या पाठीवर चोचीनं खाजवतो. ती उठते आणि तो बसतो. हे वाचताना लक्षात येतं की ही माहिती कुणीतरी रात्रभर जागून मिळवली आहे. जे काम बादशहानं टर्कीसाठी केलं नाही, ते लैला-मजनूसाठी केलं. टर्की कसा दिसतो हे त्यानं लिहिलं. लैला-मजनू काय करतात हे लिहिलं, आणि तेही रोज काय करतात हे.

आता चित्रांकडे परत येऊ. अशी नजर चित्रात उतरलेली बघायची असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेलं चिनाराच्या झाडावरच्या खारींचं चित्र बघा. साधारण १६०५ ते १६१० या दरम्यानचं. ते अबुल हसनच्या नावावर मांडतात. काही अभ्यासक त्यात मन्सूरचाही हात मानतात. मागे सोनेरी अवकाश, मधे रंग बदललेल्या पानांचा मोठा चिनार, खाली एक माणूस झाडावर चढायच्या बेतात. आणि झाडभर खारी. त्या धावतात, थबकतात, एकमेकींकडे वळून बघतात, ढोलीतून डोकावतात. एकही खार टर्कीसारखी किंवा झेब्र्यासारखी आपली बाजू दाखवत उभी नाही.

या खारी आपल्या अंगणातल्या, पाठीवर पट्टे असलेल्या खारी नाहीत. त्या लाल खारी आहेत, आपल्याकडे न आढळणाऱ्या. म्हणून बादशहाच्या प्राणिसंग्रहात त्या बाहेरून आल्या असाव्यात आणि चिताऱ्यानं त्या तिथे बघितल्या असाव्यात, असा तर्क केला जातो. मला तो पटतो, आणि त्याचं कारण त्यांचा खेळ. मेलेल्या खारीवरून आकृती काढता येते. खेळ काढता येत नाही.

इथे मघाची अडचण सुटते. आठवडाभर चालणाऱ्या चित्रात क्षणाचा खेळ कसा येतो? उत्तर असं की चितारी क्षण काढतच नाही. धावणारी खार कुंचला उचलेपर्यंत निघून गेलेली असते. पण ती पुन्हा येते, पुन्हा तशीच थबकते, पुन्हा तशीच मान वळवते. शंभर वेळा बघितल्यावर चिताऱ्याच्या मनात जे उरतं ते त्या प्राण्याचं वळण असतं, त्याची खोड असते. आपल्या भाषेत त्याला आपण स्वभाव म्हणतो. छायाचित्र एखादा क्षण टिपतं, आणि तो क्षण फसवाही असू शकतो. थरांवर थर देत काढलेलं चित्र पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट सांगतं. म्हणून माध्यमाचा सावकाशपणा इथे अडसर ठरत नाही, तो चिताऱ्याला बघायला वेळ देतो. आणि या चपळ जिवांचे केस रंगवायला वापरलेला कुंचला खारीच्याच शेपटीचा. ज्याचं चित्र काढायचं त्याच्याकडूनच थोडं उसनं घ्यावं लागतं, असंही म्हणता येईल.

तर एक मुद्दा हाती आला. प्राण्याच्या चित्रात व्यक्ती येते ती त्याच्या ठेवणीतून येत नाही, त्याच्या सवयीतून येते. खेळ ही अशी सवय आहे जिच्यात पोटापाण्याची निकड नसते, म्हणून तिथे प्राणी सर्वांत जास्त स्वतःसारखा असतो. पण मग लगेच पुढचा प्रश्न येतो: ही सवय माहीत कुणाला असते? त्यासाठी दीडशे वर्षं पुढे, कलकत्त्याला जावं लागेल. मुघल सत्ता ओसरली होती आणि चिताऱ्यांना नवे मालक मिळाले होते.

कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश एलायजा इम्पी. त्यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी घराच्या आवारात पशुपक्षी पाळले होते. १७७७ पासून पुढची पाचेक वर्षं त्यांनी पाटण्याच्या तीन चिताऱ्यांकडून त्यांची चित्रं करवून घेतली: शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. मोठा इंग्रजी कागद, मोकळी पांढरी पार्श्वभूमी, आणि मुघल हाताचं बारीक काम. इंग्रजी निसर्गशास्त्राला हवी असलेली आकृती आणि पाटण्याचा कुंचला यांचा हा संगम आहे. यातल्या अनेक चित्रांवर चिताऱ्याचं नाव आहे, पाटण्याचा रहिवासी असा उल्लेखही आहे. पण मूळ उद्देश पुन्हा जातीचा. हा पक्षी कोणता, एवढंच चित्राला सांगायचं आहे.

व्यक्तीकडे आपण वळतो ते आणखी पन्नास-साठ वर्षांनी. कलकत्त्याच्या कराया भागात शेख मुहम्मद अमीर नावाचा चितारी होता. १८३०-४० च्या दशकांत त्याचं काम भरात होतं. इंग्रज घरांसाठी तो त्यांची घरं, बग्ग्या, नोकर, घोडे, कुत्रे रंगवायचा. कुरणातल्या दोन कुत्र्यांचं एक चित्र त्याच्या नावावर आहे. म्हणजे हा खरा पाळीव प्राण्यांचा चितारी. मालक काही वर्षांनी विलायतेला परतणार, कुत्रा किंवा घोडा बरोबर नेता येणार नाही, मग निदान चित्र न्यायचं. आज आपण फोनमध्ये घरातल्या मांजराचे शेकडो फोटो बाळगतो त्याच्यामागे हीच भीती असते. ही गोष्ट आपल्याआधी जाणार, किंवा आपण तिच्यापासून दूर जाणार.

या चिताऱ्याच्या घोड्यांच्या चित्रांत एक गोष्ट सतत दिसते. घोडा उभा आहे, तुकतुकीत, आणि लगाम धरून मोतद्दार उभा आहे. मालक बहुतेक वेळा चित्रात नाही. मुहम्मद अमीरनं मोतद्दारही तितक्याच मन लावून रंगवला आहे: त्याचा पेहराव, उभं राहण्याची ढब, घोड्याकडे असलेलं लक्ष. घोड्याला नाव असणारच, मालकाच्या घरात ते रोज घेतलं जात असणार. मोतद्दाराचं नाव चित्राखाली सहसा नसतं. चित्र ज्यांच्या भिंतीवर गेलं त्यांच्या दृष्टीनं तो 'सईस' होता. सईस ही जाती झाली. घोडा व्यक्ती आणि माणूस जाती, अशी ही उलटापालट आहे.

आणि खरी गंमत पुढे आहे. घोड्याच्या सवयी कुणाला माहीत होत्या? तो कोणत्या कुशीवर लोळतो, कशाला बुजतो, सकाळी खरारा करताना कसा मान टाकतो, हे मालकाला ठाऊक नव्हतं. ते मोतद्दाराला ठाऊक होतं. लैला-मजनूचं मीलन बादशहाला कळलं, ते नेमलेल्या खोजानं येऊन सांगितलं म्हणून. ज्या ज्ञानावर प्राण्याचं व्यक्तिचित्र उभं राहतं, ते ज्ञान ज्याच्याजवळ होतं त्याचं नाव आपण टिपून ठेवलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आग्र्याचं आणि कलकत्त्याचं झालं. आपल्या पुण्याचं काय? पुण्याचंही आहे.

सवाई माधवराव पेशव्यांना प्राण्यांची फार आवड होती. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. आमच्या पिढीनं लहानपणी त्याच बाजूला पेशवे उद्यानात वाघ-सिंह बघितले. इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यानं पेशव्यांच्या रमण्यात संगीताच्या नादानं जवळ येणाऱ्या काळविटांचं मोठ्या नवलानं वर्णन केलं आहे. या मॅलेटसाठी काम करणारा पुण्याचा चितारी म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. वेरूळ आणि कार्ल्याच्या लेण्यांची त्यानं काढलेली चित्रं अभ्यासकांना परिचित आहेत. पण त्याचं एक चित्र आहे नोव्हेंबर १७९० चं: पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा. आज ते अमेरिकेत, न्यू हेवनच्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहे.

१७९० मध्ये पेशवे सोळा वर्षांचे होते. त्या पोराच्या शिकारखान्यात गेंडा होता आणि आपल्या गावातला एक तांबट आडनावाचा माणूस कागद-रंग घेऊन त्याच्यासमोर बसला होता. हे चित्र पुण्यात राहिलं नाही. गंगारामचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात मी कधी वाचलं नाही. मला ते पन्नाशी उलटल्यावर कळलं. पाच वर्षांनी, १७९५ मध्ये, सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले. पुढे पेशवाई गेली. गेंडा कागदावर उरला, आणि गंगारामचं नाव उरलं ते मुख्यतः रेसिडेंटच्या कागदपत्रांसोबत गेल्यामुळे. त्या गेंड्याला रोज चारा घालणारा माणूसही असणारच. त्याचा तर मागमूसही नाही.

२०१९-२० मध्ये लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये कंपनीच्या काळातल्या भारतीय चिताऱ्यांचं एक प्रदर्शन भरलं होतं. त्याच्या नावातच 'विस्मरणात गेलेले उस्ताद' असा अर्थ होता. ते वाचून मला वाटलं, निदान उस्तादांचं विस्मरण भरून काढता येतं, कारण कुठेतरी सही असते. पहारेकऱ्यांचं, मोतद्दारांचं, चारा घालणाऱ्यांचं काय करायचं?

आता शेवटी परत चार्वाककडे.

मावशींच्या त्या प्रश्नानंतर नातीनं चित्र फाडलं नाही, पण बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी मावशी भांडी घासत असताना ती ओट्यापाशी जाऊन बसली आणि विचारलं, "मग चार्वाक कसा असतो?" मावशींनी हात न थांबवता सांगितलं, "अगं, तो नुसता बसतो कुठं? टेबलावरची वस्तू पाडायच्या आधी तो आपल्याकडे बघतो. तुझ्या आजोबांचा चष्मा बघ, आधी पंजा ठेवतो, मग बघतो, कुणी ओरडतंय का. नाही ओरडलं तरच पाडतो."

मी त्या बोक्याबरोबर सात वर्षं राहत होतो. माझे दोन चष्मे त्यानं फोडले होते. आणि तो पाडायच्या आधी बघतो, हे मला माहीत नव्हतं! मी फक्त चष्मा फुटल्याचा आवाज ऐकला होता.

पुढचे आठ-दहा दिवस नातीनं नुसतं बघितलं. चष्मा मीच टेबलावर ठेवत होतो, जुना. मग तिनं चित्र केलं. टेबलाची कड, कडेवर चष्मा, चष्म्यावर एक पंजा, आणि मान वळवून थेट आपल्याकडे बघणारं तोंड. पट्टे या वेळी नीट मोजलेले नव्हते. एक-दोन कमीच असतील. आधी तिनं सगळं अंग मातकट करड्या रंगात भरलं, वाळू दिलं. त्यावर गडद पट्टे. त्यावर कोरड्या कुंचल्यानं फिकट केस. मिशा सर्वांत शेवटी, पांढऱ्या रंगानं, श्वास रोखून, एकेका फटकाऱ्यात. आणि मग दोन्ही डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका. उजव्या डोळ्यातला ठिपका जरा वर गेला, आणि नेमक्या त्या चुकीमुळे चार्वाक लबाड दिसायला लागला. ती पुसायला निघाली होती. गुआश ओलं करून उचलता येतं. मी म्हटलं, राहू दे.

मावशी आल्या. चित्र बघितलं आणि हसल्या. "मेल्या," म्हणाल्या, "ठेव तो चष्मा."

त्या चित्राशी बोलल्या, मित्रहो. पहिल्या चित्राबद्दल त्यांनी आम्हाला विचारलं होतं. दुसऱ्या चित्राला त्यांनी दटावलं. व्यक्तिचित्र जमलं की नाही याची याहून चांगली कसोटी मला कुठल्या ग्रंथात सापडलेली नाही.

चार्वाकला जाऊन आता दोन वर्षं झाली. चित्र माझ्या टेबलासमोर आहे. घरी येणारे लोक कधी विचारतात, "कुठल्या जातीचं मांजर होतं हो?" मी सांगतो, साधं गावठी. या उत्तरात काहीच सांगून होत नाही हे मला माहीत असतं, पण जातीच्या प्रश्नाला जातीचंच उत्तर देता येतं.

चित्र चौकटीत बसवायला दिलं तेव्हा मी मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं: चार्वाक, आणि खाली नातीचं नाव, वर्ष. हे व्याख्यान तयार करताना, मुहम्मद अमीरच्या मोतद्दारांकडे बघताना, मला एकदम जाणवलं की मीही तेच केलं आहे. प्राण्याचं नाव, चिताऱ्याचं नाव. ज्यांच्यामुळे ते चित्र चार्वाकचं झालं, त्यांचं नाव नाही. आयुष्यभर जाती आणि व्यक्ती शिकवणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरात हे करावं! आणि आजही या व्यासपीठावर तासभर मी त्यांना 'मावशी' म्हणतो आहे. नाव मी इथे घेत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. पण गेल्या आठवड्यात चौकट उघडून घेतली आणि मागे तिसरं नाव लिहिलं.

तुमच्या घरात कुत्रा-मांजर असेल आणि कुणी त्याचं चित्र काढायला बसलं, तर एवढंच सांगेन. त्याला बाजूनं बसवू नका. आधी आठ दिवस त्याचा खेळ बघा. आणि त्याला रोज जेवायला कोण घालतं, त्या माणसाला जाऊन विचारा की हा कसा आहे.

प्रश्नोत्तरांसाठी थोडा वेळ ठेवला आहे.